अंतर पाहून तार पसरावी

भात कापून खळ्यांत आलें व पावसानें पाठ फिरविली, म्हणजे आमच्या कणकवलीच्या बाजूस वाडीच्या डागडुजीचे दिवस सुरू होतात. गडग्याचे ढासळलेले धोंडे पुन्हां चढवावयाचे, मांगराचीं कौलें परतावयाचीं, पंपाच्या पाइपाचे सांधे तपासावयाचे, हीं कामें आपणांस नवीन नाहींत. अलीकडील दहा-पंधरा वर्षांत त्यांत एका कामाची भर पडली आहे. तें म्हणजे इंटरनेटची तार ओढण्याचें. राहत्या घरीं आलेली जोडणी कोणास मांगरांत न्यावयाची असते, कोणास काजूच्या कारखान्यांत, कोणास पंपघरावरील कॅमेऱ्यापर्यंत, तर कोणास पाहुण्यांकरितां बांधलेल्या खोल्यांत.

विजेची तार घेतांना पंप किती अश्वशक्तीचा व विहीर किती दूर, हें पाहूनच आपण तारेची जाडी ठरवितों. पाण्याचा पाइप घेतांनाहि तोच विचार करतों. परंतु या नव्या तारेच्या बाबतींत चांगला जाणता बागायतदारहि दुकानांत जाऊन "इंटरनेटची केबल द्या" एवढेंच म्हणतो व मिळेल ती घेऊन येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण मुलांस शिकवितों. तेंच या तारेसहि लागू आहे. अंतर किती आणि गति किती हवी, हे दोन प्रश्न आधीं, व तारेचें नांव मागाहून, हा क्रम वाचकांच्या मनावर ठसावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची स्वतःची चूक

प्रथम आमचीच चूक सांगतों, कारण दुसऱ्याच्या चुकीपेक्षां ती आम्हांस अधिक ठाऊक आहे. २०२० सालीं साथीच्या दिवसांत मुंबईच्या कचेऱ्या बंद पडल्या व पुष्कळ चाकरमानी आपलें काम घेऊन गांवीं परतले. आमचा एक पुतण्याहि आला. त्याची आई येथें एकटी. त्यामुळें तो आला याचा सर्वांस आनंद झाला. घरांत माणसांची वर्दळ, म्हणून व्हाळापलीकडील मांगराची एक खोली त्यानें कामाकरितां झाडून-सारवून घेतली. घरीं प्रकाशतंतूची जोडणी नुकतीच आली होती. तेथून मांगरापर्यंत तार नेली कीं झालें, असें आम्हांस वाटलें.

बाजारांतून तारेची पेटी आणली. पेटींत तार ३०५ मीटर होती आणि मांगर होता १६० मीटरांवर. ज्याअर्थीं पेटींत ३०५ मीटर तार भरतात त्याअर्थीं १६० मीटर नेण्यास हरकत नसावी, असा आम्हीं तर्क केला. दोघां गड्यांनीं एका दिवसांत ती गडग्यावरून ओढली, दोन्ही टोकांस जोड बसविले, यंत्रावरील हिरवा दिवा पेटला, आणि सर्वांनीं समाधानानें चहा घेतला.

दुसऱ्याच दिवशीं पुतण्या येऊन म्हणाला, "काकानू, दिवो पेटलो हा, पण काम होणा नाय." कधीं चाले, कधीं तुटे, कचेरीच्या बैठकींत तो बोलूं लागला कीं आवाज अर्ध्यावर नाहींसा होई. दुपारीं तार तापली म्हणजे खोळंबा अधिक. असे सहा महिने कसेबसे काढले. पुढच्या वर्षीं वैशाखांत वळवाच्या पहिल्याच सरीला व्हाळाच्या कांठच्या माडावर वीज पडली. तारेच्या दोन्ही टोकांचीं यंत्रें व कॅमेऱ्यांचें चित्रण सांठविणारें यंत्र, सर्व एका क्षणांत निकामी झालीं. नोकरी टिकवावयाची तर दुसरा मार्ग नव्हता. आठ दिवसांत पुतण्या मुंबईस गेला व मांगराच्या खोलीस कुलूप लागलें. दोष तारेचा नव्हता. जें तिचें काम नव्हे तें आम्हीं तिला सांगितलें होतें.

संकेत वाटेंत कां खंगतो

या तांब्याच्या तारेंत आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोन मिळून पिळलेल्या असतात. पीळ हा शोभेकरितां नाहीं. दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळल्या म्हणजे बाहेरच्या विजेचा उपद्रव दोघींवर सारखाच होतो व टोकाला तो वजा करून टाकतां येतो. ही युक्ति दूरध्वनीच्या तारांकरितां अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं काढली व १८८१ सालीं तिचें पेटंट घेतलें. आजची माहिती-तार त्याच युक्तीवर उभी आहे. म्हणूनच जोड बसवितांना पीळ गरजेपेक्षां जास्त सोडूं नये. वीतभर पीळ उलगडून जोड बसविणारा कारागीर चांगली तार फुकट घालवितो.

पीळ असला तरी संकेत वाटेंत क्षीण होतोच. पाटाचें पाणी जसें मुरत मुरत जातें, तसाच हा प्रकार आहे. प्रचारांतील कॅट ५-ई जातीच्या तारेंत सेकंदास दहा कोटि कंपनांचा संकेत सोडला, तर १०० मीटरांच्या शेवटीं त्याच्या शक्तीचा शेकडा एकाहूनहि कमी भाग उरला तरी प्रमाणशास्त्र तें चालवून घेतें. टोकावरील यंत्र एवढ्या तुटपुंज्या अंशांतून मूळ मजकूर ओळखून काढतें. आतां हीच तार २०० मीटर केली, तर उरलेल्या त्या शेकडा एकाचाहि पुन्हां शेकडा एकाहून कमी भाग शिल्लक राहतो. अंतर दुप्पट झालें म्हणून नुकसान दुप्पट होत नाहीं. तें शेकडों पटींनीं वाढतें.

गति व अंतर यांचें हें वैर जुनें आहे. १८५८ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं पहिली तारायंत्राची तार टाकली, तेव्हां राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास १६ तास लागले. विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, यांनीं तार लांबली कीं संकेत किती मंदावतो याचें गणित आधींच मांडून ठेवलें होतें. तथापि त्या कामावरील दुसऱ्या अधिकाऱ्यानें जोर वाढविला म्हणजे संदेश जाईल असें मानून तारेवर सुमारें दोन हजार व्होल्टपर्यंत दाब घातला, आणि कांहीं आठवड्यांतच ती तार मुकी झाली. जेथें मर्यादा तारेच्या धर्माची असते तेथें जोर उपयोगी पडत नाहीं, हा धडा वाडीच्या तारेसहि तसाच लागू आहे.

एक हेक्टरचा बांध

तांब्याच्या पिळाच्या तारेस नेहमींच्या गतींकरितां १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट, ही मर्यादा घालून दिलेली आहे. त्यांतहि भिंतींतून किंवा जमिनींतून जाणारी कायमची तार ९० मीटर व दोन्ही टोकांच्या सुट्या लवचिक तारा मिळून १० मीटर, अशी वांटणी धरतात. पेटींतील ३०५ मीटर हें विक्रीचें माप आहे, धांवेचें नव्हे. ५० किलोंचें पोतें मिळतें म्हणून कोणी एकाच वाफ्यांत तें ओतीत नाहीं.

ज्यास मीटर डोळ्यांपुढें आणणें कठीण वाटतें, त्यानें आपला सातबारा काढावा. एक हेक्टरचा चौरस तुकडा असेल तर त्याची प्रत्येक बाजू बरोबर १०० मीटर असते. म्हणजे तांब्याच्या तारेची धांव हेक्टरच्या एका बांधाएवढी आहे. कोपऱ्यांतून समोरच्या कोपऱ्यांत न्यावयाची म्हटली तर अंतर १४१ मीटर होतें व तार तेथें पोहोंचत नाहीं. चौरस एकराची बाजू सुमारें ६४ मीटर व कर्ण सुमारें ९० मीटर. म्हणून एकरभर सपाट जागेंत ती कोठूनहि कोठें नेतां येते. परंतु हें माप सरळ रेषेचें आहे. तार गडग्याच्या कडेनें वळते, खांबावर चढते, पडवीवरून उतरते. यास्तव ज्या वाटेनें तार जावयाची त्याच वाटेनें टेप धरून मोजावें व दोन्ही टोकांस दोन-दोन मीटर शिल्लक धरावी.

मर्यादा ओलांडली तर तार एकदम बंद पडत नाहीं, हीच खरी फसगत आहे. १०० मीटरांऐवजीं १२० मीटर झाली तर ती बहुधा चालते. १५० झाली तर गति हजारावरून शंभरावर किंवा दहावर येते, कांहीं मजकूर वाटेंत गळतो, तो पुन्हां पुन्हां पाठवावा लागतो, आणि दिवा मात्र हिरवाच राहतो. कॅमेऱ्यांच्या कांहीं यंत्रांवर अंतर वाढविण्याची कळ असते. ती दाबली कीं तार २५० मीटर जाते असें सांगतात. तें खोटें नाहीं, परंतु तेथें गति सेकंदास १० मेगाबिटांवर उतरविलेली असते, व ही सोय प्रमाणांत बसणारी नव्हे. एका कॅमेऱ्यास ती पुरेल. घरभर कामास पुरणार नाहीं.

कोणत्या तारेस किती धांव

खालील कोष्टक कापून भिंतीस लावावें. एक गिगाबिट म्हणजे एक हजार मेगाबिट. आंकडे दर सेकंदाचे आहेत.

कॅट ५-ई (तांबें): १ गिगाबिट, १०० मीटरपर्यंत.
कॅट ६ (तांबें): १ गिगाबिट, १०० मीटरपर्यंत, १० गिगाबिट, अनुकूल स्थितींत ५५ मीटरपर्यंत, व अनेक तारा एकत्र बांधलेल्या असल्यास सुमारें ३७ मीटरपर्यंत.
कॅट ६-ए (तांबें): १० गिगाबिट, १०० मीटरपर्यंत.
कॅट ८ (तांबें): २५ किंवा ४० गिगाबिट, केवळ ३० मीटरपर्यंत.
बहुपथी प्रकाशतंतु, ओएम-३: १० गिगाबिट, ३०० मीटरपर्यंत, ओएम-४: ४०० मीटरपर्यंत.
एकपथी प्रकाशतंतु: १ गिगाबिट, ५ किलोमीटर व त्याहून अधिक, १० गिगाबिट, १० किलोमीटरपर्यंत.
आरएस-४८५ (तांब्याची एक जोडी): सुमारें १०० किलोबिट, १२०० मीटरपर्यंत.

या कोष्टकांतून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली अशी कीं, पेटीवरील आंकडा मोठा म्हणून तार लांब जाते असें नाहीं. कॅट ८ ही यंत्रागारांतील कपाटांकरितां केलेली तार आहे. तिची खरी करामत ३० मीटरांत संपते. "सर्वांत भारी द्या" म्हणणाऱ्या बागायतदारानें ती आणली, तर पैसा गेला एवढेंच होईल. १०० मीटरांची मर्यादा हलणार नाहीं.

दुसरी गोष्ट गरजेची. आपल्या घरीं येणारी जोडणी बहुधा सेकंदास ५० ते २०० मेगाबिटांची असते. समोरासमोरच्या बैठकीस तीन-चार मेगाबिट पुरतात. चांगल्या कॅमेऱ्यास चार ते आठ लागतात. दहा कॅमेरे धरले तरी शंभराच्या आंत हिशेब बसतो. तेव्हां साधी कॅट ५-ई देखील आपल्या नेहमींच्या गरजेच्या कितीतरी पट वाहूं शकते. नवीन घर बांधतांना भिंतींत नळी घालून कॅट ६ टाकावी, कारण भिंत पुन्हां फोडणें महाग पडतें. चालू घरांतील जुनी कॅट ५-ई नीट काम देत असल्यास ती उपटून टाकण्याचें कारण नाहीं.

तांब्याच्या नांवावर ॲल्युमिनियम

बाजारांत दिसावयास अगदीं सारखी, परंतु स्वस्त अशी एक तार मिळते. तिच्या आंत ॲल्युमिनियम असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिला सीसीए म्हणतात. प्रमाणांत बसणाऱ्या कॅट ५-ई किंवा कॅट ६ तारेंत शुद्ध तांबें असलें पाहिजे. मुलाम्याची तार त्यांत बसत नाहीं. ॲल्युमिनियम तांब्याइतकी वीज वाहत नाहीं, म्हणून या तारेचा अडथळा सुमारें दीडपट असतो. शिवाय ती लवकर मोडते व खाऱ्या दमट हवेंत जोडापाशीं लवकर कुजते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. एक बारीक तार चाकूनें खरवडून पाहावी. आंत पांढरी निघाली तर ती मुलाम्याची. पेटी हातांत घेऊन पाहावी; शुद्ध तांब्याची पेटी चांगलीच जड लागते. आवरणावर छापलेली जात वाचावी व शुद्ध तांबें असल्याचें पावतीवर लिहून घ्यावें.

हा भेद कॅमेऱ्याच्या कामीं विशेष जाणवतो, कारण तेथें मजकुराबरोबर वीजहि त्याच तारेंतून जाते. या पद्धतीस पीओई म्हणतात. २००३ सालच्या प्रमाणाप्रमाणें मुळाशीं १५.४ वॅट सोडले म्हणजे १०० मीटरांवर सुमारें १३ वॅट पोहोंचतात. २००९ सालच्या प्रमाणाप्रमाणें ३० वॅटांपैकीं २५.५ पोहोंचतात. हें साधतें तें दाब ५० व्होल्टांच्या आसपास ठेवल्यामुळें. कांहीं कारागीर मात्र तारेची एक मोकळी जोडी घेऊन तींतून साधे १२ व्होल्ट सोडतात. १०० मीटर तांब्याच्या एका तारेचा अडथळा सुमारें ९ ओहम, जाऊन-येऊन १८. एक अँपियर प्रवाह नेण्यास एकट्या वाटेंतच १८ व्होल्ट खर्च व्हावयाचे, आणि आपण दिले आहेत बारा. मग कॅमेरा दिवसां चालतो व रात्रीं त्याचे दिवे लागतांच बंद पडतो, यांत नवल कसलें? चोर तर रात्रींच येतो.

आमच्या हवेंतील विघ्नें

वरील आंकडे कोरड्या व बंदिस्त घरांतील आहेत. कोंकणांत तार बाहेर काढली कीं चार शत्रु वाट पाहत असतात: ऊन, पाणी, प्राणी आणि वीज.

घरांतील करड्या किंवा निळ्या आवरणाची तार उन्हांत एक-दोन वर्षांत तडकते व पावसाळ्यांत तिच्यांत पाणी शिरतें. पाणी शिरलेली तार ५० मीटरहि नीट काम देत नाहीं. बाहेरच्या कामास काळ्या पॉलिथिनच्या आवरणाचीच तार घ्यावी, व जमिनींतून न्यावयाची तर आंत चिकट लेप भरलेली घ्यावी. ती एचडीपीई पाइपांतून न्यावी. उंदीर, घुशी व रानडुक्कर यांपासून तोच बचाव. उंचावरून नेलेली तार वानरें झोक्याकरितां वापरतात, हें आपणां कोणास सांगावयास नको. पंपाच्या विजेची तार व ही तार एकाच पाइपांत कधींहि घालूं नये; दोहोंमध्यें निदान हातभर अंतर ठेवावें.

वीज हा सर्वांत मोठा शत्रु. वळवाच्या पावसांत व परतीच्या पावसांत आमच्याकडे विजांचा कडकडाट किती होतो हें सर्वश्रुत आहे. वीज तारेवरच पडली पाहिजे असें नाहीं. जवळ कोठेंहि पडली तरी जमिनींतील विद्युत्-दाब ठिकठिकाणीं भिन्न होतो. घराची भू-जोडणी एका जागीं, मांगराची दुसऱ्या जागीं, आणि मध्यें तांब्याची तार. म्हणजे त्या दोन दाबांमधला पूलच आपण आपल्या हातानें बांधलेला असतो. त्यांतून जांभ्याच्या कातळावर भू-जोडणी चांगली लागत नाहीं, हें विजेचें काम करणारा कोणीहि सांगेल. म्हणून अंतर १०० मीटरांच्या आंत असलें तरी दोन वेगळ्या इमारतींमध्यें तांब्याची तार टाकूं नये, असा आमचा अनुभवानें बनलेला आग्रह आहे. टाकलीच असेल तर दोन्ही टोकांस वीजरोधक बसवावा व आभाळ भरून येतांच तार काढून ठेवावी.

कांचेची तार

मग मांगरापर्यंत जावें कसें? याचें उत्तर प्रकाशतंतु. केसाएवढ्या जाडीच्या कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें मजकूर जातो. कांच शुद्ध केल्यास प्रकाश दूरवर नेतां येईल हें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें, व त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या एकपथी तंतूंत एक किलोमीटर गेल्यावरहि प्रकाशाचा शेकडा सात-आठ एवढाच भाग कमी होतो. तांब्यांत १०० मीटरांत शेकडा एकहि उरत नव्हता, हें येथें आठवावें.

कोंकण रेल्वेच्या मार्गाच्या कडेनें हाच तंतु गेलेला आहे. देशांतील ग्रामपंचायती जोडण्याची जी योजना २०११ सालीं मंजूर झाली व पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली, तिचाहि आधार हाच. घरोघरीं येणाऱ्या जोडणींत मुख्य केंद्रापासून २० किलोमीटरपर्यंत एक तंतु येऊं शकतो. पूर्वीं दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येत असे, तेव्हां केंद्रापासून घर जितकें दूर तितकी गति मंद, हा अनुभव खेड्यांतील अनेकांनीं घेतला आहे. आतां तंतु कित्येक किलोमीटर ओलांडून, नदी-नाले पार करून, गति न गमावतां आपल्या पडवींत येतो. आणि पडवीपासून मांगरापर्यंतच्या शेवटच्या दीडशे मीटरांत आपण तांब्याची तार लावून त्याची माती करतों.

तंतु घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. बहुपथी व एकपथी अशा दोन जाती आहेत. वाडीच्या कामास एकपथीच घ्यावी, कारण ती पुढें कितीहि गति वाढली तरी बदलावी लागत नाहीं. दोन्ही टोकांस तंतूचें तांब्यांत रूपांतर करणारें एक-एक यंत्र लागतें. एकाच तंतूवर जाणें-येणें करणारीं यंत्रें जोडीनें मिळतात. एक 'ए' व दुसरें 'बी' असें असलें पाहिजे. दोन्ही 'ए' आणलीं तर तीं एकमेकांस ओळखणार नाहींत. जोडाचें तोंड हिरवें असेल तर हिरव्यासच व निळें असेल तर निळ्यासच जोडावें. एकाऐवजीं चार तंतूंची केबल घ्यावी. एक तुटला तर तीन हातीं राहतात. आंत आधाराकरितां पोलादी तार असलेली केबल विजेस पुन्हां वाट करून देते. म्हणून तंतुकांचेची काठी असलेली, धातु नसलेली केबल मागावी. केबल तीव्र वळवूं नये. कोपऱ्यावर मोठा वळसा द्यावा. तंतूच्या टोकांत डोळा घालून पाहूं नये, व कापलेले कांचेचे तुकडे बाटलींत भरून टाकावे. पायांत गेले तर सहसा सांपडत नाहींत.

तांब्याच्या तारेचे जोड गांवांतील होतकरू मुलगा बसवितो. तंतूचे सांधे वितळवून जोडण्यास मात्र यंत्र असलेला कारागीर लागतो. परंतु दोन्ही टोकांस जोड बसविलेली, मापाची केबल तयारहि मिळते. म्हणून माप नीट घ्यावें. आंखूड पडलेला तंतु गांठ मारून वाढवितां येत नाहीं. तसेंच, तंतु वीज वाहत नाहीं, तेव्हां पलीकडील टोकास स्वतंत्र वीज हवी. मांगरांत ती असतेच. दूरच्या पंपघरीं नसेल तर लहान सौर पट्टी व बॅटरी यांची सोय करावी लागते.

मंद तार दूर जाते

प्रत्येक कामास वेग लागतो असें नाहीं. टाकींतील पाण्याची पातळी, मातींतील ओलावा, पंप चालू कीं बंद, हा मजकूर दोन-चार आंकड्यांचा असतो. त्याकरितां आरएस-४८५ नांवाची जुनी पद्धति आहे. कारखान्यांतून व ठिबक सिंचनाच्या नियंत्रकांतून ती आजहि वापरतात. एका पिळाच्या जोडीवर ती १२०० मीटरपर्यंत जाते, कारण ती सावकाश बोलते. तींत गति सेकंदास १० मेगाबिटांपर्यंत वाढविली तर तिचीहि धांव १२-१५ मीटरांवर येते. यावरून वर सांगितलेला नियम पुन्हां सिद्ध होतो: तार तीच, पण घाई केली कीं वाट आंखूड होते. ही तारहि तांब्याचीच असल्यामुळें विजेपासून तिलाहि संरक्षण हवें.

निर्णयाची रीत

एकंदरींत आमची सूचना अशी. एकाच इमारतीच्या आंत व ९० मीटरांपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ५-ई किंवा कॅट ६. एका इमारतींतून दुसऱ्या इमारतींत, अंतर कितीहि असो, धातु नसलेला एकपथी तंतु. इमारतीबाहेरील एखाद्या खांबावर कॅमेरा असेल व अंतर १०० मीटरांच्या आंत असेल, तर बाहेरच्या आवरणाची तांब्याची तार वीजरोधकासह चालेल. केवळ आंकडे आणावयाचे तर मंद तार. व्हाळ किंवा दरी मध्यें असून तंतु नेतांच येत नसेल तर समोरासमोर दिसणाऱ्या दोन जागांमध्यें बिनतारी यंत्रें लावतां येतात; परंतु मध्यें एक आंब्याची फांदी वाढली तरी तीं मंदावतात, हें लक्षांत ठेवावें.

काम झाल्यावर आठ दिव्यांच्या चांचणी-यंत्रावर विसंबूं नये. तें केवळ आठ तारा जोडल्या आहेत एवढेंच सांगतें. गति सांगत नाहीं. पलीकडील टोकास संगणक लावून जोडणीची गति हजार दिसते कीं शंभर हें पाहावें, एखादी मोठी फाइल पाठवून पाहावी, व मगच कारागिराचा हिशेब चुकता करावा.

आम्हीं २०२२ सालच्या हिंवाळ्यांत जुनी तार काढून गडग्याच्या कडेनें पाइप टाकला व त्यांतून चार तंतूंची केबल मांगरापर्यंत नेली. जीं यंत्रें विजेनें जळालीं त्यांच्या किमतींहून हा खर्च कमी आला. त्यानंतर कित्येक वळीव झाले. माडावर पुन्हां एकदां वीज पडली. मांगरांतील यंत्र चालूच राहिलें. पुतण्यानें कचेरींतून तशी परवानगी मिळविली असून तो आतां महिन्यांतील पंधरा दिवस येथें असतो. त्याची आई सकाळीं न्याहारीचें ताट घेऊन व्हाळ ओलांडते. काजूच्या हंगामांत सायंकाळीं काम आटोपल्यावर तोहि बी वेंचण्यास येतो.

आमच्या भागांत कुलुपें लागलेलीं घरें किती आहेत, हें वाचकांस ठाऊक आहे. तीं सर्व तारेनें उघडतील असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु एखादें घर उघडें राहण्यास जी गोष्ट कारण होऊं शकते ती ६० मीटरांच्या चुकीनें हातची जाऊं नये, एवढें आपल्या स्वाधीन आहे. यास्तव दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं टेप घ्यावा, ज्या वाटेनें तार जावयाची ती वाट स्वतः चालावी, आणि मोजलेला आंकडा कागदावर लिहून खिशांत घालावा. दुकानदारास तारेचें नांव सांगण्याआधीं तोच कागद त्याच्या हातीं द्यावा.